उंबऱ्यातलं अंथरूण

शेलू म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला माथेरानच्या डोंगराची रांग, आणि मधून रेल्वेची लाईन. आता लाईनच्या कडेनं इमारती उभ्या राहिल्यात, कल्याण-डोंबिवलीकडची माणसं राहायला आलीत. पण मी सांगतोय ती गोष्ट १९९६ सालच्या दिवाळीनंतरची. तेव्हा आमच्या कौलारू घराच्या ओटीवर उभं राहिलं की नदीपर्यंत भाताची खाचरंच दिसायची.

मी तेव्हा भायखळ्याच्या एका छापखान्यात कामाला होतो. पहाटे साडेचारला उठायचं, पाचच्या सुमाराची गाडी धरायची, दोन तास लोंबकळत जायचं आणि रात्री दहाच्या आसपास परत घरी. व्हीटीचं नाव त्याच वर्षी बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं होतं, पण आम्ही पासवाले व्हीटीच म्हणायचो. घरात माझी आई, बायको आणि अडीच वर्षांचा मुलगा. त्याला सगळे बाबूच म्हणायचे.

भाताची झोडणी चालू होती. दिवसभर घरची सगळी माणसं खळ्यावर. बाबूही तिथंच, पेंढ्यावर लोळायचा, कोंबड्यांमागं पळायचा. दुपारची झोप त्याची तेव्हापासून मोडली, पण त्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? रात्री मी घरी येईपर्यंत आई त्याला जागा ठेवायची. "बापाचा तोंड तरी दिसूं दे पोराला," म्हणायची. मलाही तेच हवं असायचं. मी पिशवीतून खारी काढायचो, तो मांडीवर बसून खायचा, सगळ्या अंगावर चुरा सांडायचा. मग साडेदहाला कसाबसा झोपायचा.

पहिल्यांदा झालं ती रात्र मला स्वच्छ आठवते. पावणेबाराचा सुमार. एकदम असा आवाज आला की मांजराच्या पिल्लावर कुणाचा पाय पडावा. बाबू अंथरुणात उठून बसलेला. डोळे सताड उघडे. घामानं केस कपाळाला चिकटलेले, छाती धडधडतेय. समोर बघून किंचाळतोय, पण समोर भिंतीशिवाय काही नाही. हिनं त्याला जवळ ओढलं तर तो तिलाच ढकलायला लागला. "आई, आई" करत होता, आणि आईच्याच कुशीतून सुटायला धडपडत होता. मी दिवा लावला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जास्तच ओरडला. स्वतःचं पोर आपल्याकडे अनोळखी माणसासारखं बघतं, तेव्हा पोटात जे होतं ते सांगता यायचं नाही. दहा-बारा मिनिटं हे चाललं. मग जसं आलं तसं गेलं. मान टाकली, कुशीवर वळला आणि गाढ झोपला. आम्ही तिघं मात्र उजाडेपर्यंत जागे.

सकाळी बाबू नेहमीसारखा उठला, दुधात चपाती कुस्करून खाल्ली. "रात्री काय झालं रे?" विचारलं, तर त्याला पत्ताच नाही.

दोन रात्री मध्ये गेल्या आणि पुन्हा तेच. मग आठवड्यातून चार-पाच रात्री व्हायला लागलं. जवळजवळ त्याच वेळेला.

आईनं तिला ठाऊक होते ते सगळे उपाय सुरू केले. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून पोरावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका आला नाही तर दृष्ट जबर, असं म्हणतात. आमच्याकडे ठसका चांगला यायचा, तरी आई समाधान मानायची नाही. एकदा तिनं ऐन मध्यरात्री, पोर किंचाळत असताना, मिरच्या टाकल्या. घरभर धूर. पोराला खोकल्याची उबळ, आम्हाला खोकला, शेजारचे जागे. उशाखाली विळा ठेवून झाला. भगताचा अंगारा आणला. तान्ही मुलं झोपेत हसली-रडली की आमच्याकडे म्हणतात, सटवाई खेळवते. पण हा तर अडीच वर्षांचा. मग आईचा निष्कर्ष ठरला, "पोराला भायेरचा कायतरी लागलाय."

आणि बाहेरचं लागलं म्हणजे कुणाच्या तरी चुकीनं लागलं. ती चूक आईनं शोधून काढली. दिवाळीच्या आधी एका तिन्हीसांजेला ही बाबूला काखेत घेऊन नदीवरून धुणं आणत होती. वाटेत चिंचेचं झाड आहे. झालं. "दिवेलागणीला कुणी पोराला त्या चिंचेखालून आणतं का गं?" हे रोज, दोन वेळ. ही काही बोलायची नाही. भाकऱ्या थापत राहायची. मी तिथंच जेवत असायचो. मीसुद्धा काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मनात कुठंतरी मलाही वाटायचं, कशाला गेली असेल त्या वाटेनं?

आता जे सांगणार आहे ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा असेल. छापखान्यात नव्या वर्षाच्या कॅलेंडरांचं काम अंगावर आलेलं. मी सलग पाचव्या रात्री तीन-साडेतीन तासांच्या झोपेवर होतो. पावणेबाराला बाबू उठला. ही त्याला घेऊन बसली, मी खांदा धरून हलवला. "बाबू, अरे मी आहे, बघ इकडे." हलवलं तसा तो अजून ओरडला, हातपाय झाडले आणि त्याचा पाय माझ्या तोंडावर बसला. आणि मी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. चांगली जोरात.

तो थांबला नाही. उलट वाढलं. ही काही न बोलता त्याला उचलून ओटीवर घेऊन गेली. थंडीत, अंगावर गोधडीसुद्धा न घेता. मी आत अंधारात बसून राहिलो. बाहेर मालगाडी जात होती. बराच वेळ चालली होती ती.

पहाटे मी निघायच्या वेळी बाबू जागा झाला. रांगेनं ठेवलेल्या चपलांमधून माझ्या चपला ओढून माझ्यासमोर आणून ठेवल्या. हे त्याचं नेहमीचं काम. मग पायाला मिठी मारली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गालावर मात्र अजून पुसटशी लाली होती. त्या दिवशी गाडीत मला बसायला जागा मिळाली, तरी मी दारातच उभा राहिलो.

रविवारी मी खळ्यावर होतो. ठाकूरवाडीतली एक म्हातारी आमच्याकडे झोडणीला यायची, एरवी मोळ्या विकायची. तिच्या हाताखालून नातवंडं-पतवंडं गेलेली. आई तिला सगळी कहाणी सांगत होती, चिंचेसकट. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग आईला सोडून ती माझ्या बायकोकडे वळली.

"तू काय करतीस तवा?"

"उठवते त्याला. हाका मारते."

"नको उठवू. डोळं उघडं असलं तरी पोर निजलेला हाय. निजलेल्या माणसाला हाका मारून काय व्हणार? तो तुझ्याजवळ नाय तवा. बाजूला बस. पडणार नाय एवढा बघ. येईल आपसूक."

एवढंच बोलून तिनं पेंढी उचलली.

मला ते पटलं आणि नाहीही पटलं. पुढच्या शनिवारी अर्धी रजा टाकून आम्ही बाबूला घेऊन बदलापूरला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. आईही हट्टानं आली. डॉक्टरांनी तपासलं आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वाजता झोपतो? झोपल्यावर किती वेळानं उठतो? सकाळी आठवतं का? हातपाय एकाच लयीत झटके दिल्यासारखे हलतात का, तोंडातून फेस येतो का? दिवसा कधी असं होतं का? झोपेत घोरतो का, श्वास अडकल्यासारखा वाटतो का? यातलं काही असतं तर पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. आमच्याकडे त्यातलं काही नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. या प्रकाराला नाइट टेरर म्हणतात. झोप म्हणजे सगळी रात्र एकसारखी नसते. पहिल्या दोन-तीन तासांत ती सगळ्यात गाढ असते, स्वप्नं बहुतेक पहाटेकडच्या झोपेत पडतात. लहान मुलाचा मेंदू त्या गाढ झोपेतून वरच्या हलक्या झोपेत येताना कधी कधी मध्येच अडकतो. अंग जागं होतं, मेंदू झोपलेला राहतो. म्हणून डोळे उघडे पण ओळख नाही, म्हणून सकाळी आठवण नाही. मूल जितकं जास्त दमलेलं, झोप जितकी तुटलेली, तितकी ती गाढ झोप अजून खोल जाते आणि हे व्हायचा संभव वाढतो. तापातही होतं. बहुतेक मुलांचं वाढत्या वयाबरोबर आपोआप जातं. उठवायला गेलं, घट्ट धरलं, ओरडलं, तर लांबतं.

म्हातारीनं खळ्यावर दोन वाक्यांत सांगितलं होतं तेच.

"हे भूतबाधा नाही आणि कुणाच्या चुकीनं झालेलंही नाही," असं म्हणून डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात लहानपणी कुणी झोपेत चालायचं का? पुष्कळदा हे घराण्यात असतं."

मी नाही म्हणून मान हलवली. ही पण नाही म्हणाली. आई खिडकीकडे बघत होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आजी?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ह्यो चालायचा."

म्हणजे मी.

परतीच्या गाडीत, बायकांच्या गर्दीत नाही तर आमच्याबरोबर जनरल डब्यात उभी राहून, तिनं सगळं सांगितलं. मी चार-पाच वर्षांचा असताना रात्री उठून चालायला लागायचो. एकदा दाराची कडी काढून पार बैलांच्या गोठ्यापर्यंत गेलो होतो. लोकांनी काय काय सांगितलं होतं. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी आपलं अंथरूण माजघरातून उचललं आणि दाराच्या उंबऱ्याशी आडवं घातलं. पावसाळ्यात दाराखालून पाणी यायचं, तरी तिथंच. मी चालत आलो की त्यांना अडखळायचो. ते न बोलता मला हाताला धरून परत नेऊन झोपवायचे. दोन वर्षं ते उंबऱ्यात झोपले.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगायचा? पोराच्या नावाला बट्टा."

हे माहीत असूनही तिनं चिंचेचं झाड सुनेच्या गळ्यात बांधलं होतं. मला राग आला होता. पण तिच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं, तीही घाबरलेलीच होती. मुलाचं आणि आता नातवाचं, दोन्हीचं मूळ एक आहे हे तिला मनातून ठाऊक होतं, आणि ते आपल्या घरातून आलं असं कबूल करण्यापेक्षा चिंचेवर ढकलणं सोपं होतं. ती सुनेला माफ कर वगैरे म्हणाली नाही. आमच्याकडे तसं कुणी बोलत नाही. पण वांगणी मागं पडल्यावर तिनं बाबूला हिच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, "दे माझ्याकडं, तुझा हात दुखला असंल." चिंचेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

मीही त्या रात्री हिला म्हटलं, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." ती म्हणाली, "होय, हवं होतं." बस, एवढंच.

घरात आम्ही चार गोष्टी बदलल्या. खळ्यावर दुपारी झाडाखाली धोतराची झोळी बांधून बाबूला तासभर झोपवायचं. रात्री साडेआठला अंथरुणात, बाप येवो न येवो. त्याच्या अंथरुणाजवळची विळी, कंदील, पत्र्याची पेटी सगळं लांब सरकवलं. आणि उठलाच, तर बाजूला बसायचं, पडू द्यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. दृष्ट काढणं आईनं बंद केलं नाही, पण आता ती संध्याकाळी काढायची, मिरच्यांशिवाय. तेवढं तिला हवं होतं आणि त्यानं कुणाचं नुकसान नव्हतं.

पाचवी गोष्ट डॉक्टरांनी सांगितलेली. रोज ठरावीक वेळेला होतंय ना, मग त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मुलाला अलगद हलवायचं. पूर्ण जागं करायचं नाही, नुसतं कूस बदलण्यापुरतं, घोटभर पाणी पिण्यापुरतं. तीन-चार आठवडे असं करायचं. त्यानं ती अडकणारी झोप मोडते आणि नव्यानं लागते. झोपायची वेळ आधी आणली तसं बाबूचं उठणंही आधी आलं, सव्वादहा-साडेदहाला. म्हणजे मी घरी पोचायच्या वेळी.

ते काम माझ्याकडे आलं. यात माझं काय गेलं, ते गाडीनं जाणाऱ्या माणसालाच कळेल. पहाटे मी निघतो तेव्हा तो झोपलेला, रात्री येतो तेव्हा झोपलेला. खारीचा चुरा बंद झाला. आठवड्यातले सहा दिवस मी माझ्या पोराला झोपेतच बघायचो. पण रोज दहाला पाय धुऊन मी त्याच्या उशाशी बसायचो, पाठीवरून हात फिरवायचो. तो डोळे किलकिले करायचा, "अण्णा" म्हणायचा, तांब्याला ओठ लावायचा आणि पुन्हा झोपायचा. अर्ध्या मिनिटाची भेट. तेवढीच आमची, पण ती त्या महिनाभरात एकदाही चुकवली नाही.

एकदम काही जादू झाली नाही. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा. होळी आली तेव्हा महिन्यात एखादी रात्र उरली होती. पुढं तापात वगैरे व्हायचं. पाचव्या वर्षी शाळेत जायला लागला तोवर पार गेलं.

मुलाचं रात्रीचं प्रत्येक रडणं असंच असतं असं मात्र नाही, हे पुढं कळलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा इकडे उल्हास नदीही फुगली होती. आमच्या ओटीच्या पायरीपर्यंत पाणी आलं. मी मुंबईत अडकलो होतो, रेल्वे बंद, फोन लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. बाबू तेव्हा अकरा वर्षांचा. त्यानंतर कितीतरी रात्री तो पहाटे दचकून उठायचा. पण हे उठणं वेगळं होतं. तो पूर्ण जागा असायचा. आम्हाला ओळखायचा, येऊन बिलगायचा, "पाणी आत आलं होतं, तुम्ही नव्हता," असं सकाळीही सांगायचा. तिथं गप्प बसून चालणार नव्हतं. तिथं जवळ घ्यायचं, बोलायचं, दार उघडून टॉर्चनं अंगण दाखवायचं, बघ, कोरडं आहे. तेव्हा मी ते केलं. खरी भीती आणि झोपेतली किंकाळी यांतला फरक मला तोवर समजला होता, आणि तो समजायला माझ्या पोराच्या गालाची किंमत पडली होती.

आता बाबूला तीन वर्षांची मुलगी आहे. जुनं घर पाडून तिथंच दोन मजले बांधले. तो ठाण्याला कामाला जातो. मी छापखान्यातून कधीच निवृत्त झालो. आई नाही आता.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वरच्या मजल्यावरून तो आवाज आला. अठ्ठावीस-तीस वर्षांनी ऐकला, पण अंगावर तसाच काटा आला. मी जिना चढून गेलो. सून घाबरून रडायला लागलेली, बाबू पोरीला खांद्याला धरून हलवत होता. "अगं, बाबा आहे मी, बघ ना!" त्याचा आवाज चढत होता. दिवसभराचा थकलेला, सकाळी सहाची गाडी.

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. म्हटलं, "सोड. बस खाली. ती झोपलेली आहे."

तिघं जमिनीवर बसलो. पोर रडत होती, भिंतीकडे बघत होती. आम्ही फक्त ती पलंगावरून पडणार नाही एवढं बघत होतो. सात-आठ मिनिटं झाली. मग तिनं मान टाकली.

सून तिच्याजवळ आडवी झाली. आम्ही दोघं बाहेर गॅलरीत आलो. बाबू म्हणाला, "अण्णा, खरं सांगू? अजून दोन मिनिटं तुम्ही आला नसता, तर मी हात उचलला असता."

तेव्हा मी त्याला सांगितलं. डिसेंबर महिना, कॅलेंडरांचं काम, तोंडावर बसलेला पाय, सगळं. सकाळी त्यानं माझ्या चपला आणून ठेवल्या तेही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मला यातलं काही आठवत नाही, अण्णा."

"तुला नाहीच आठवणार," मी म्हटलं. "मला आठवतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली गादी काढून मुलीच्या पलंगाच्या कडेला जमिनीवर घातली. त्याला दादांची गोष्ट मी अजून सांगितली नव्हती. ती रविवारी सांगितली.